उतरलेला सेल आणि मुकी घंटा

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



आमचे घर बेळगावकडच्या जुन्या धाटणीचे आहे. म्हणजे रुंदीला बेताचे आणि लांबीला फार. पुढे ओसरी, मग सोपा, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि अगदी शेवटी परसाकडची खोली. भिंती चिऱ्याच्या, हातभर जाडीच्या. परसाकडच्या खोलीत माझी आई असते. तिने ऐंशी ओलांडली आहे आणि रात्री उठावयाचे झाले तर तिला कोणाचा तरी हात लागतो. तिथून मारलेली हाक सोप्यात ऐकू येत नाही, म्हणून आम्ही दोन वर्षांपूर्वी एक बिनतारी घंटा आणली. आईच्या उशाशी काडेपेटीएवढे बटण आणि सोप्यात भिंतीच्या प्लगात खोचलेली घंटा. मध्ये तार म्हणून नाही. बटण दाबले की त्यावर तांबडा दिवा लागतो आणि सोप्यात घंटा वाजते.

गेल्या आषाढात एका पहाटे मी मागे गेलो, तो आई खाटेपाशी जमिनीवर बसलेली दिसली. लागले नव्हते, पण उठताना तोल जाऊन ती खाली बसली आणि पुन्हा तिला उठता आले नाही. "मी पुष्कळ वेळा बटण दाबलं रे बाळा. दिवा लागत होता," एवढेच ती म्हणाली. रात्रभर वीज गेली नव्हती. सोप्यात आम्ही तिघे निजलो होतो, पण घंटा कोणालाच ऐकू आली नव्हती. मी बटण उचलले, सोप्यात आणले आणि दाबले. घंटा खणखणीत वाजली!

घरच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. आईला स्वप्न पडले असावे, असे कोणी बोलून दाखवले नाही. पण तो विचार मनात आलाच नाही असे मी तरी म्हणणार नाही. त्याच दिवशी बाजारात जाऊन बटणातला सेल तपासून घेतला. दुकानदाराने मीटरच्या दोन तारा टेकवल्या. बारा व्होल्टांचा सेल, दाब भरला ११.२. "मास्तर, सेल उत्तम आहे," असा निर्वाळा मिळाला. म्हणजे मीटरची साक्ष एकीकडे आणि आईची दुसरीकडे. त्यांत खरी साक्ष आईची होती. ते कसे, हे आज आपल्याला सांगावयाचे आहे.

बैल गोठ्यात उभा असताना धष्टपुष्टच दिसतो. त्याच्या अंगात खरोखर किती बळ आहे, हे भरलेली गाडी चढावर आली म्हणजे कळते. सेलाचेही तसेच आहे. मीटर लावून नुसता दाब मोजणे म्हणजे गोठ्यातला बैल पाहणे होय. कारण चांगला मीटर सेलाकडून जवळजवळ काहीच काम करून घेत नाही. काम म्हणजे प्रवाह. यंत्राने प्रवाह मागितला की तो प्रवाह सेलाच्या पोटातल्या रसायनांतून वाट काढून बाहेर यावा लागतो. या वाटेत जो अडथळा असतो त्याला अंतर्गत रोध म्हणतात. नव्या सेलात तो थोडा असतो. सेल वापरला जाऊ लागला, जुना झाला, गारठला, की रोध वाढत जातो. प्रवाह जितका मोठा आणि रोध जितका अधिक, तितका दाबाचा वाटा सेलाच्या आतच खर्ची पडतो. उरेल तो यंत्राला मिळतो.

संध्याकाळी मी शाळेतला मीटर घरी आणला, बटणाचे झाकण काढून सेलाला तारा टेकवल्या आणि मग बटण दाबून धरले. ११.२ चा आकडा पाहता पाहता ८.२ वर आला. बोट उचलताच तो पुन्हा हळूहळू अकरावर चढला. दुकानदार खोटे बोलला नव्हता. त्याने गाडी जुंपून पाहिली नव्हती, इतकेच.

अशा बटणाला संदेश पाठवताना दहा मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा शंभरावा भाग, एवढा प्रवाह लागतो असे धरू. तीन व्होल्टांची घट आणि दहा मिलिअँपिअर प्रवाह, म्हणजे अंतर्गत रोध तीनशे ओहम झाला. हा बारा व्होल्टांचा सेल जेमतेम तीन सेंटिमीटर लांब असतो. त्याचे कवच सोलून पाहिले तर आत दीड दीड व्होल्टाच्या आठ चिमुकल्या टिकल्या एकावर एक रचलेल्या आढळतात. आठांपैकी दोघी तिघी दमल्या तरी त्यांचा अडथळा साऱ्या उतरंडीला भोगावा लागतो.

आता दिवा का लागला? तांबड्या दिव्याला सुमारे दोन व्होल्ट दाब आणि अगदी थोडा प्रवाह पुरतो. आठ व्होल्टांवर तो आनंदाने लागतो. किंचित मंद लागला तरी अंधारात ते कळत नाही. तो दिवा बटणात वीज आहे एवढेच सांगतो. संदेश पोहोचला की नाही, हे त्याला ठाऊकच नसते. आपण मात्र त्याचा अर्थ 'घंटा वाजली' असा घेतो, आणि आईनेही तोच घेतला होता. तिने दिवा पाहून वाट पाहिली. दिवा लागला नसता तर कदाचित तिने भांडे आपटले असते.

प्रेषकाची गोष्ट निराळी. अशा बटणातला छोटा प्रेषक पुष्कळदा सेकंदाला सुमारे ४३ कोटी कंपनांच्या लहरी सोडतो. साध्या प्रेषकात लहरींचे सामर्थ्य स्थूलमानाने दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब बारावरून ८.२ वर, म्हणजे साधारण दोनतृतीयांशावर आला की सामर्थ्य निम्म्याहूनही खाली उतरते. मोकळ्या मैदानात याचा परिणाम एवढाच की जो संदेश तीस पावलांवर पोहोचत होता तो आता वीस पावलांवर पोहोचेल. पण आमच्या घरात मैदान नाही. चिऱ्याच्या चार भिंती, त्याही आषाढात पाणी प्यालेल्या. आणि ओली भिंत बिनतारी लहरी कोरड्या भिंतीपेक्षा अधिक शोषून घेते. नवा सेल असताना संदेश कसाबसा सोप्यापर्यंत येत असणार. सेल उतरला, भिंती भिजल्या आणि संदेश माजघरातच विरला. तेच बटण मी सोप्यात आणून दाबले तेव्हा मध्ये एकही भिंत नव्हती. मग घंटा का वाजू नये? मी परीक्षा घेतली खरी, पण ती चुकीच्या जागी.

जुन्या पद्धतीच्या काही प्रेषकांत आणखी एक खोड आढळते. दाब उतरला की त्यांचा सूरही थोडा ढळतो. घंटेतला ग्राहक एका ठरावीक सुराला कान लावून बसलेला. गाणारा दुसऱ्याच पट्टीत गेला तर त्याला ते गाणे आपले वाटतच नाही.

येथवर आपण केवळ अशक्तपणाचा विचार केला. परंतु आजच्या पुष्कळ बिनतारी वस्तूंच्या पोटात एक लहानसे गणकयंत्रही असते. संगणकाच्या बिनतारी माउसमध्ये ते असते, कळफलकात असते, दाराला लावलेल्या चोरघंटेतही असते. या वस्तूंत दाब उतरला तर काय होते, ते अधिक विचित्र आहे.

आम्हा शाळामास्तरांना समजेल अशा भाषेत सांगतो. वर्गात तोंडी गणिते घालावी, पोरांनी पाटीवर उत्तर लिहावे आणि ठरल्या वेळी टोला पडताच पाट्या गोळा कराव्या. पोरे ताजी असतील तर टोल्यापूर्वी सर्वांची उत्तरे लिहून होतात. तीच पोरे उपाशी, पेंगुळलेली असली तर टोला पडतो तेव्हा कोणाचा आकडा अर्धवट असतो, कोणाच्या पाटीवर मागच्याच गणिताचे उत्तर असते. टोला त्यांच्यासाठी थांबत नाही. गणकयंत्रातही असाच टोला सेकंदाला लक्षावधी वेळा पडत असतो. दाब पुरेसा असेपर्यंत आतले सूक्ष्म विद्युत्-खटके टोल्यापूर्वी आपले काम उरकतात. दाब कमी झाला की ते मंदावतात, शून्याच्या जागी एक वाचला जातो आणि यंत्र न थांबता चुकीचे काम करू लागते. बंद पडलेले यंत्र परवडले. ते निदान बंद आहे हे कळते.

म्हणून या चकत्यांत एक पहारेकरी बसवलेला असतो. दाब ठरावीक मर्यादेखाली, उदाहरणार्थ १.८ किंवा २.७ व्होल्टांखाली, गेला की तो गणकयंत्राला थांबवतो आणि दाब सावरल्यावर पहिल्यापासून कामाला लावतो. योजना शहाणपणाची आहे, पण उतरलेल्या सेलाशी गाठ पडली की तिचे एक दुष्टचक्र होते. यंत्र स्वस्थ असताना त्याला एका अँपिअरचा लक्षांश प्रवाहही पुष्कळ होतो. संदेश पाठवावयाच्या क्षणी मात्र तीच मागणी हजारपट चढते. त्या क्षणी दाब कोसळतो आणि पहारेकरी यंत्राला थांबवतो. प्रवाह थांबताच दाब पुन्हा वर येतो, यंत्र जागे होते, आपल्याला संदेश पाठवावयाचा आहे हे त्याला उमगते, ते पाठवू लागते आणि पुन्हा मूर्च्छित पडते. ओरडण्यासाठी छाती भरून श्वास घ्यावा आणि तेवढ्यानेच घेरी यावी, असा हा प्रकार. बाहेरून पाहणाऱ्याला दिवा मधून मधून लुकलुकताना दिसतो आणि तो म्हणतो, चालू आहे!

अशा वस्तूंत पुष्कळदा रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्यावर २०३२ असा आकडा कोरलेला असतो, त्यात त्याचे मापच सांगितले आहे : रुंदी २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दाब तीन व्होल्ट. हा सेल थेंबथेंब वीज वर्षानुवर्षे पुरवू शकतो. एकदम घागरभर मागितली तर मात्र त्याला ती झेपत नाही. सुज्ञ कारागीर त्याच्या शेजारी एक विद्युत्-धारक बसवतात. न्हाणीघरात नळाची धार बारीक असली तरी रांजण भरून ठेवला की तांब्या बुडवून भडाभड पाणी घेता येते, तोच न्याय. स्वस्त वस्तूंत हा रांजण गाळलेला असतो. खोक्यावर ते कोणी छापत नाही.

मोबाइल फोनची बॅटरी याहून कितीतरी बलवान, पण तिच्यावर येणारा भारही तसाच दांडगा. रेडिओजवळ मोबाइल ठेवला आणि फोन येऊ लागला की रेडिओतून टर्र, टर्र असा आवाज येतो, तो आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. टू-जी पद्धतीत फोन सलग बोलत नाही. सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुटक तुटक बोलतो आणि प्रत्येक वेळी बॅटरीला एक हिसका देतो. तीच ही टरटर. टॉवर दूर असला की हा हिसका दोन अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. नव्या पद्धतींत टरटर राहिली नाही, परंतु टॉवर दूर गेला की आवाज चढवावयाचा, ही रीत कायम आहे. म्हणून बेळगावाहून चोर्ला घाटाने गोव्यास जाताना जुन्या बॅटरीचा फोन घाटातच मान टाकतो. वीस टक्के शिल्लक आहे असे तो मघाशी सांगत होता, तेही अगदी खोटे नव्हते. वीज शिल्लक असते; ती एकदम बाहेर काढण्याची ताकद उरलेली नसते.

यावरून एक मोठा गाजावाजा झालेला प्रसंग आठवतो. जुन्या बॅटरीचे काही आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग आतून कमी केला जातो, हे २०१७ च्या डिसेंबरात ॲपल कंपनीने मान्य केले. लोक संतापले. माझ्या मते त्यामागचे यंत्रशास्त्र बरोबर होते. दमलेल्या बैलाला सावकाश हाकणे यात चूक काय? चूक होती ती मालकाला न सांगण्यात. बैल दमला आहे हे कळले असते तर कित्येकांनी नवा फोन न घेता नुसती बॅटरी बदलली असती.

आमच्या आजोबांचा ट्रान्झिस्टर या बाबतीत फार सरळ होता. सेल उतरू लागले की त्याचा आवाज बसे, मग घोगरा होई, मग बातम्या देणारे गृहस्थ नाकात बोलू लागत. आजोबा सेल काढून उन्हात ठेवीत. त्याची आम्ही मुले थट्टा करीत असू, परंतु त्यात तथ्य होते : ऊब मिळाली की सेलातली रासायनिक क्रिया थोडी वेगाने होते, अंतर्गत रोध उतरतो आणि विश्रांतीनेही सेल काहीसा सावरतो. रात्रीच्या बातम्यांपुरते काम भागे. यंत्र आपला थकवा आवाजातून सांगे आणि आपल्याला दुसऱ्या दिवशी सेल आणावयास अवधी मिळे.

आजच्या अनेक यंत्रांत हा अवधीच काढून घेतला आहे. त्यांत सेलाचा उतरता दाब चढवून स्थिर राखणारी योजना असते. शाळेच्या समारंभात वक्ते हातात धरतात त्या बिनतारी ध्वनिक्षेपकाचे पाहा. सेल नवा असो वा मरणोन्मुख, आवाज तितकाच स्वच्छ. परंतु दाब चढवावयाचा तर त्याची किंमत प्रवाहाने मोजावी लागते. सेल दीड व्होल्टावरून एका व्होल्टावर आला की तेवढ्याच कामासाठी तो दीडपट प्रवाह देऊ लागतो. त्याने दाब आणखी खाली येतो, प्रवाह आणखी वाढतो आणि अखेरची उतरण अशी भरभर होते की पाहुण्यांचे भाषण ऐन रंगात असताना सभागृह एकदम शांत होते. पुन्हा भरता येणारे १.२ व्होल्टांचे सेल घातले असतील तर फसगत अधिक. त्यांचा दाब शेवटच्या घटकेपर्यंत जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे शिल्लक दाखवणारी पट्टी नेमके काही सांगूच शकत नाही.

सर्वच कारागिरांनी असे केले आहे असे मात्र नव्हे. जेथे चूक परवडतच नाही अशा एका यंत्रात काय केले आहे ते पाहण्यासारखे आहे. हृदयाचे ठोके नियमित राखण्यासाठी छातीच्या कातडीखाली बसवतात तो पेसमेकर. १९७२ पासून त्यात लिथियम आणि आयोडीन यांचा घट वापरात आला. या घटाचा गुण असा की तो वापरला जात असता आत लिथियम आयोडाइडचा थर जाड होत जातो आणि त्याचा अंतर्गत रोध वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. म्हणजे आमच्या घंटेचा जो दोष, तोच येथे सूचना म्हणून उपयोगी पडतो. डॉक्टर पेसमेकरवर लोहचुंबक धरतात तेव्हा तो ठरावीक गतीने ठोके देतो. घट चांगला असताना काही यंत्रांत ही गती मिनिटाला ८५ असते. घट बदलण्याची वेळ जवळ आली की ती ६५ होते. आजचे पेसमेकर बिनतारी मार्गाने आपली हकीकत डॉक्टरांच्या यंत्राला कळवतात. घट उतरू लागला की त्यांतले काही आपली अधिकची कामे, म्हणजे चालताना ठोक्यांचा वेग वाढवणे यांसारखी, सोडून देतात आणि उरलेली वीज मुख्य कामासाठी राखतात. ही सूचनाही अगदी अखेरच्या घटकेला मिळत नाही; नवे यंत्र बसवण्यास पुरेशी सवड ठेवून मिळते. कानाच्या यंत्रांपैकी पुष्कळ जण सेल संपत आला की कानातच बारीक सूर काढतात. त्यांतला जस्ताचा घट हवेवर चालतो आणि संपताना एकदम संपतो. म्हणून तो सूर ऐकूनही सेल उद्या बदलू म्हणणारा माणूस उद्या बहुधा काहीच ऐकत नाही.

घरी काय करता येईल? सेलाची परीक्षा त्याला कामाला जुंपून घ्यावी. मीटर असेल तर बटण दाबलेले असतानाच दाब मोजावा. मीटर नसेल तर वस्तू जेथे ठेवावयाची असते तेथूनच, दारे लावून, दाबून पाहावी. नव्या सेलाशेजारी जुना घालू नये; नवा जोर लावतो आणि जुना त्या जोराखाली आणखी पिळला जाऊन फुटतो, पाझरतो. आपल्याकडे आणि खाली गोव्यात पावसाळ्यात सेलाच्या स्प्रिंगवर पांढरा-हिरवट थर चढतो, त्याकडेही लक्ष असावे. तोही एक रोधच आहे, आणि तो नव्या सेलालाही जुन्यासारखा वागावयास लावतो. आमच्या बटणाची स्प्रिंग खोडरबराने घासली तेव्हा रबर काळे झाले. अशी घंटा विकत घेताना, संदेश पोहोचल्याची पोच उलट बटणाकडे येते का, हे विचारावे. तशा घंटा मिळतात, महाग असतात. त्यांतला दिवा लागला तर त्याला अर्थ असतो.

आम्ही सेल बदलला आणि झाकणाच्या आत तारीख लिहून ठेवली. घंटा सोप्यातून काढून माजघरात आणली, त्यामुळे दोन भिंती वाचल्या. दर रविवारी सकाळी आई खाटेवरून बटण दाबते आणि आमच्यापैकी कोणीतरी माजघरातून "वाजली, आई!" असे ओरडून सांगतो. रात्री तिला मी दुकानदाराच्या मीटरची आणि माझ्या मीटरची हकीकत सांगितली. तिने ती ऐकून घेतली. "दिवा लागत होता, म्हटलं नव्हतं मी?" असे ती म्हणाली, आणि उशाशी पितळेची लोटी व चमचा ठेवून घेतला. तो अजून तेथेच आहे.